आधी सत्राच्या तारखा बघा
एक्सचेंजवर, म्हणजे आपल्या कोर्समधलं एक सत्र परदेशी विद्यापीठात करायला जाताना, फी आपल्याच बिझनेस स्कूलला भरायची असते, तेव्हा शहर राहण्याच्या खर्चावरून निवडावं, असा सल्ला दिला जातो. फीचं बरोबर, खर्चाचं अर्धं पटलं. पण सत्राच्या तारखांबद्दल कुणीच बोललं नाही आणि मी नेमका तिथेच अडकलो. सिंगापूरचं पहिलं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला आटोपतं, हाँगकाँगचंही डिसेंबरात. कोरियात वर्ष मार्चपासून, दुसरं सत्र सप्टेंबरपासून. जपानचं मात्र निराळंच: वर्ष एप्रिलपासून, आणि दुसरं सत्र साधारण सप्टेंबरअखेर सुरू होऊन परीक्षा थेट जानेवारीच्या शेवटी!

मी टोकियो घेतलं. इकडे आमचं पुढचं सत्र जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात सुरू झालं, तेव्हा मी तिकडे गटप्रकल्पाच्या स्लाइड बनवत बसलो होतो (त्या गटाची कहाणी पुन्हा कधीतरी). तीन-चार आठवड्यांची हजेरी बुडाली, एक विषय वर्षभर पुढे ढकलावा लागला. अर्जाआधी दोन्हीकडची वेळापत्रकं शेजारी ठेवून बघा. आणि तिकडच्या कुठल्या विषयांचे क्रेडिट इकडे पदवीसाठी धरले जातील ते ईमेलवर लेखी घ्या. मी ‘होईल हो’वर विसंबलो होतो.