नवीन लॅपटॉप: कंपनीचं विंडोज ठेवावं की फॉरमॅट मारावं?

प्रश्न
ऑफिससाठी इंटेल प्रोसेसरचे 6 नवे लॅपटॉप घेतलेत. विंडोज 11 होम सिंगल लँग्वेज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस होम 2024 लॅपटॉप कंपनीकडूनच आलंय. सोबत ट्रायल अँटीव्हायरस आणि कंपनीची ढीगभर अ‍ॅप्स. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारून विंडोज प्रो टाकून देतो, फुकट." करून घ्यावं का?

प्रतिसाद 1
दुकानदाराला अजिबात हात लावू देऊ नका. फुकटचं प्रो म्हणजे क्रॅक, म्हणजे चोरीचं. तुमच्या विंडोज होमची लायसन्स की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (त्यातल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवा. सेटअप ती की वाचून योग्य आवृत्ती स्वतः निवडतो आणि नेट मिळालं की अ‍ॅक्टिव्हेट होतो.

ऑफिसचं मात्र आधी उरका. पुसण्यापूर्वी वर्ड उघडून ते मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. कोणत्या मशीनचं ऑफिस कोणत्या खात्यावर, ते वहीत लिहून ठेवा. नंतर त्याच खात्यातून डाउनलोड होतं.

प्रतिसाद 2
खरी अडचण पुढे येते. 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंग्जमध्ये) व्हीएमडी, म्हणजे एसएसडी हाताळायची इंटेलची सोय, चालू असतं. सेटअपमध्ये "कुठे इन्स्टॉल करू" या पानावर यादी रिकामी दिसते आणि लोकांना वाटतं एसएसडी गेली. गेलेली नसते, इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, एक्झी फाइल तशीच न ठेवता एक्स्ट्रॅक्ट करून पेन ड्राइव्हवर टाका आणि "लोड ड्रायव्हर" मधून तो फोल्डर दाखवा. ड्राइव्ह लगेच दिसते.

व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण फक्त नव्याने टाकताना. आहे त्या विंडोजवर बंद केलंत तर ते बूटच होणार नाही. शिवाय डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरच्या डेटाला विंडोजने लावलेलं कुलूप) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, बायोसला हात लावण्याआधी बघून ठेवा.

प्रतिसाद 3
वाय-फायचंही तसंच. सेटअप नेटवर अडून बसतो आणि वाय-फाय दिसतच नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. त्याहून बरं म्हणजे पुसण्याआधीच पीएनपीयूटिल या विंडोजमधल्याच कमांडने सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर एक्सपोर्ट करून घेणं. एकाच मॉडेलचे सहा असतील तर एकदाच पुरे.

सगळी पार्टिशन्स उडवलीत की कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही जातं. त्यामुळे रिकव्हरी ड्राइव्ह आधी बनवा, 32 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या.

प्रतिसाद 1
एकच मशीन असतं तर मी फॉरमॅट सुचवलंच नसतं. ट्रायल अँटीव्हायरस काढला की विंडोज डिफेंडर आपोआप चालू होतो, बाकीची अ‍ॅप्स सेटिंग्जमधून निघतात. सहा मशीन एकसारखी हवी असतील तरच हा खटाटोप करा. त्यातही आधी एकावर पूर्ण करून टचपॅड, फंक्शन कीज आणि फिंगरप्रिंट तपासा, मगच उरलेल्या पाचांना हात घाला.