मदत हवी आहे: पहिली फुल मॅरेथॉन, आठवड्यातून दोनदा बॅडमिंटन आणि शनिवारचा सिंहगड, कसं जमवायचं?

शटलवाला

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईची फुल आहे, हातात 16 आठवडे. वय 43, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, चांगली वेळ 2:05 (तास:मिनिटं). सध्याचा आठवडा असा:

सोम: 6 किमी
मंगळ: बॅडमिंटन डबल्स, रात्री 8 ते 9.30
बुध: इंटरव्हल (वेगात पळायचे तुकडे), 6 वेळा 800 मीटर
गुरू: सुट्टी
शुक्र: पुन्हा बॅडमिंटन
शनि: सिंहगड, आतकरवाडीतून चढून-उतरून
रवि: लाँग रन

18 किमीच्या पुढे मांड्या दगड होतात. शिवाय सकाळी पलंगावरून उतरलं की डाव्या टाचेच्या मागे पहिली दहा-बारा पावलं दुखतं, मग सुटतं. बॅडमिंटनचा ग्रुप जुना आहे, सोडायचा नाही. तर:

1. यातलं काय काढू?
2. घरी सायकलचा ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) आहे. तो धावण्याऐवजी धरता येतो का?
3. बॅडमिंटन शर्यतीच्या किती आधी थांबवायचं?
4. धावायचेच बूट कोर्टवर चालतील का?

वेताळटेकडी

इंटरव्हल काढा. दीड तासाच्या डबल्समध्ये शेकडो वेळा झेपावणं, थांबणं, उडी मारून एका पायावर उतरणं होतं. तेच तुमचं स्पीड वर्कआउट. त्याच्यावर बारा तासांत 800 चे तुकडे पळणं म्हणजे एकाच पोटरीकडून दोनदा वसुली.

आता मांड्यांचं. दोष लाँग रनचा नाही, सिंहगडाचा आहे, आणि तोही चढाचा नव्हे, उताराचा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो. स्नायूंना बारीक इजा होते ती याच प्रकारच्या कामात, आणि ठणका 24 ते 72 तासांत चढतो. म्हणजे बरोब्बर रविवारी. चढून जा आणि उतरायला वरून जीप पकडा. गडावरचं दही खाऊन जीपने उतरण्यात कमीपणा काही नाही.

मी असा आठवडा लावेन: मंगळवारी बॅडमिंटन, बुधवारी 8 किमी एकदम सावकाश, गुरुवारी बॅडमिंटन (शुक्रवारचं गुरुवारवर आणायला ग्रुपला पटवा, बाकी सगळं यावर अवलंबून आहे), शुक्रवारी सुट्टी, शनिवारी 5-6 किमी मऊ मातीवर, रविवारी लाँग. सोमवारी फक्त चालणं. गुरुवारी रात्री साडेनऊला कोर्ट सोडलंत आणि रविवारी पहाटे साडेपाचला निघालात तर मध्ये 56 तास मिळतात. 48 च्या खाली जाऊ नका.

दर चौथा आठवडा हलका ठेवा: लाँग रन 16 वर आणा आणि सिंहगड त्या शनिवारी करा. बाकीचे तीन शनिवार गडाला रामराम.

पेस: 2:05 च्या हाफवरून फुल साधारण 4:20 ते 4:30 येईल, म्हणजे किमीला 6:10 ते 6:25 मिनिटं. लाँग रन मात्र 7 ते 7:20 ने. सगळे चुकतात ते इथेच. हाफच्या पेसने लाँग रन मारतात आणि मंगळवारी कोर्टवर पाय उचलत नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत लाँग रनमधले शेवटचे 6 ते 8 किमी शर्यतीच्या पेसने पळा, तेवढं पुरे.

पॅडलपंत

सायकलचं उत्तर: ईझी रनऐवजी (सावकाश धावण्याऐवजी) चालेल, लाँग रनऐवजी नाही. हृदय-फुप्फुसाला सायकल आणि धावणं सारखंच, पण फुलच्या शेवटच्या दहा किमीला धोका देतात ते पाय. रस्त्याचा दणका सोसायची सवय सायकलवर लागत नाही. बुधवारी टाच कुरकुरत असेल तर 8 किमीऐवजी 60 मिनिटं ट्रेनर, हलका गिअर, पेडलचे मिनिटाला 85-90 फेरे. जड गिअरवर उभं राहून मारलंत तर तोही कठीण दिवसच झाला.

बॅडमिंटन थांबवण्याबद्दल: शेवटचा मोठा लाँग रन (28-30 किमी, साडेतीन तासांच्या वर नको) डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी. त्यानंतर मॅच बंद. हलक्या रॅली आणखी एक आठवडा चालतील, मग रॅकेट कपाटात.

वेताळटेकडी

माझ्या मते त्या रॅलीही नकोत. ‘हलकं खेळू’ म्हणून कोर्टवर उतरलेला डबल्सवाला 18-18 वर काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे.

टाचदुखी_विभाग

बाकी सगळं ठीक, पण टाचेचं कुणी बोललंच नाही. सकाळी पहिली पावलं दुखून मग सुटणं ही अकिलीसच्या (पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेच्या) दुखण्याची नेहमीची लक्षणं. नेमकं कुठे दुखतं ते चिमटीत धरून बघा: टाचेच्या हाडापासून वर 2 ते 6 सेंमीवर, की हाडालाच चिकटून? व्यायाम त्यावर ठरतो.

वर असेल तर: पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहा, दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या एका पायाने हळूहळू पायरीच्या खाली. 15 चे 3 सेट गुडघा ताठ ठेवून, 15 चे 3 सेट गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. तीन आठवड्यांत कंटाळून सोडतात, म्हणून बरं होत नाही.

दुखण्याला 10 पैकी गुण द्या. खेळताना 3 पर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त असेल तर आदला दिवस जड झाला असं समजा.

बूट: अजिबात नाही. धावायच्या बुटाची टाच जाड आणि मऊ. बाजूला झेपावताना ती कलंडते आणि घोटा मुरगळतो. कोर्टला गम सोलचेच (रबरी तळाचे) बूट.

आणखी एक. मूत्रमार्गाच्या वगैरे संसर्गासाठी हल्ली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलं आहे का? या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे अकिलीस तुटायचा धोका वाढतो. घेतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उडी मारू नका. आणि कोर्टवर मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून ‘फट्’ आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर बर्फ लावून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

शटलवाला

दाबून पाहिलं. हाडालाच चिकटून आहे, बुटाची मागची कड लागते तिथे. अँटिबायोटिक नाही. ग्रुप गुरुवारला तयार आहे, पण वेळ 9 ते 10.30. पायरीवर पोटरी ताणतोय रोज, तर उलट वाढल्यासारखं वाटतंय.

टाचदुखी_विभाग

वाढणारच. हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली सोडायची नाही. खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते. ताणणं आजपासून बंद. तेच सेट सपाट जमिनीवर, वर उचलून फक्त जमिनीपर्यंत परत. कोर्टचे बूट तुमच्या धावायच्या बुटांपेक्षा सपाट असतात, म्हणून बॅडमिंटनच्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखू शकतं. 6 ते 8 मिमीची टाचेची गादी घाला, दोन्ही बुटांत. एकाच बुटात घातली की महिन्याभरात इथे कंबरदुखीचा नवा धागा उघडायला याल.

पॅडलपंत

साडेदहाला सुटलात तरी 55 तास मिळतात, चालेल. त्या रात्रीचं जेवण मात्र टाळू नका, उशीर झाला तरी खिचडी-दही तरी. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद हॉलमध्ये खेळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. पेल्याभर पाण्यात अख्खं पाकीट टाकलं तर पोट बिघडतं, आणि दोष शेवटी पाकिटाला लागतो.