मदत हवी आहे: एचएमएस ड्रेडनॉटच्या कागदी मॉडेलचा सांगाडा वाकतोय (१:२५०)

प्रश्न

एचएमएस ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेचं (१९०६) कागदी मॉडेल करतोय. भाग कापून घ्यायची मूळ छापील पानं १:२०० ची आहेत. ती ८० टक्क्यांवर छापून १:२५० केली, म्हणजे १६०.६ मीटरचं जहाज साधारण ६४ सेंमीत बसतं. सांगाड्याची पानं ८० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर) कागदावर छापून १ मिमी ग्रेबोर्डवर (राखाडी पुठ्ठ्यावर) चिकटवली. सांगाड्यावरचं बाहेरचं आवरण १६० जीएसएमचं, ते अजून लावलेलं नाही.

१. कणा (लांबीचा मधला उभा तुकडा) आणि १८ फासळ्या (आडवे तुकडे) जोडून सांगाडा काचेवर ठेवला की मध्ये ४ मिमी उचललेला राहतो. नाळ (पुढचं टोक) आणि मागचं टोक खाली झुकलंय.
२. तोफांच्या नळ्या गुंडाळताना कागदाचे थर सुटतात.
३. तीन पायांची डोलकाठी पहिल्या धुराड्याच्या मागे दाखवली आहे. ही पानांतली चूक आहे का?

प्रतिसाद १

आवरण लावायच्या आधी विचारलंत ते बरं झालं. दोष तुमच्या कापण्यात नाही, फासळ्या कण्यात जिथे बसतात त्या खाचांत आहे.

मूळ पानांत खाच १ मिमी पुठ्ठ्यासाठी आखलेली असते. ८० टक्क्यांवर ती ०.८ मिमी झाली, पण पुठ्ठा आहे तेवढाच राहिला. शिवाय त्यावर चिकटवलेला कागद ०.१ मिमी, म्हणजे ०.८ च्या खाचेत १.१ मिमीची फासळी. प्रत्येक खाचेत ०.३ मिमी जास्त, अशा १८ खाचा: ५.४ मिमी. पुठ्ठा दबतो म्हणून एवढं सगळं दिसत नाही, पण उरतं ते पाचरीचं काम करतं. कण्याच्या खाचा वरून उघड्या असल्यामुळे वरची कड लांबते, खालची तेवढीच राहते आणि मधला भाग वर येतो.

नव्याने करायचं तर ०.७ मिमी पुठ्ठा घ्या. कागद धरून ०.८ होतो. आधी एका तुकड्यावर खाच कापून पाहा. फासळी बोटाच्या दाबाने आत गेली पाहिजे आणि उलटी धरली तर पडता कामा नये. खाच कटरने रुंद करायची असेल तर दोन्ही बाजूंनी सारखी तासा. नेहमी एकाच बाजूने तासली तर सगळ्या फासळ्या त्या बाजूला सरकतात आणि आवरणाचे सांधे फासळीवर येत नाहीत.

आहे तोच सांगाडा वाचवायचा असेल तर मधल्या आठ-दहा फासळ्यांच्या दरम्यान कण्याला वरून बारीक करवतीने निम्म्या उंचीपर्यंत काप द्या. काचेवर ठेवून मधोमध वजन द्या, काप मिटतील. प्रत्येक कापावर दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा आणि वजन रात्रभर हलवू नका. तरीही १ मिमीपेक्षा जास्त बाक उरला तर सरळ नवा सांगाडा करा. आवरण वाकड्याला सरळ करत नाही, वाकडेपणा उठून दिसतो एवढंच.

प्रतिसाद २

खाचांबद्दल +१. छापताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय बंद होता ना? छापील मोजपट्टी फूटपट्टीने मोजा, १०० मिमीची रेघ ८० भरली पाहिजे.

नळ्या: १६० जीएसएम कागद या मापात गुंडाळत नाही, थर सुटणारच. नळीचा भाग ८० जीएसएमवर छापा, मागून किंचित ओलसर करा, टेबलाच्या कडेवरून ओढून बाक द्या आणि १ मिमी तारेभोवती गुंडाळा. गोंद फक्त शेवटच्या २-३ मिमीला. १२ इंची तोफेचं तोंड या मापात १.२ मिमी येतं, त्यामुळे तार काढल्यावर भोक बरोबर दिसतं. १२ पौंडी तोफा २७ आहेत, त्यांचं तोंड जेमतेम ०.३ मिमी. त्या कागदाच्या करायच्या भानगडीत पडू नका, तार वापरा.

प्रतिसाद ३

डोलकाठी बरोबर आहे, जहाजच तसं बांधलं होतं. होड्या उचलण्याची यारी (क्रेन) त्याच डोलकाठीला टांगायची होती, म्हणून ती धुराड्यामागे गेली. परिणाम असा की पुढच्या धुराड्याचा धूर आणि गरम वायू थेट वरच्या निरीक्षण-मंचावर. दहा १२ इंची तोफांचा मारा जिथून पाहायचा, नेमकी तीच जागा निकामी! नंतरच्या बेलेरोफोन वर्गातल्या युद्धनौकांवर डोलकाठी धुराड्यापुढे आणली, आणि कोलोसस व ओरायन वर्गांत पुन्हा मागे नेली. याला काय म्हणावं?

मॉडेलमध्ये याचा त्रास एवढाच की धुराडं आणि काठी एकमेकांना खेटून येतात. धुराडं पक्कं बसल्यावरच काठी लावा. तिन्ही पाय तारेचे करून वर कागद गुंडाळा. नुसते कागदी पाय दोऱ्या ताणल्या की वाकतात.

धागाकर्ता

आभार. मोजपट्टी ८० मिमी भरली, म्हणजे छपाई ठीक. काप देऊन बाक १ मिमीच्या आत आला. आवरण कुठून सुरू करू?

प्रतिसाद १

मधल्या पट्टीपासून, आणि डावी-उजवी आळीपाळीने. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर गोंद सुकताना सांगाडा पिळतो. नाळेची पट्टी शेवटी: आधी कोरडी लावून पाहा, जास्तीचं असेल ते मागच्या सांध्याला छाटा, टोकाला नाही. कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधीच राखाडी रंगवा.