अनुभव धागा: मॉडेल रेल्वेच्या रुळांना वीज कशी पोचवता?

गाडी एकाच ठिकाणी मंदावते, पुढे सरकली की पुन्हा पळते. इंजिन उघडून पाहावं तर ते ठणठणीत. अशा वेळी दोष बहुधा रुळांच्या जोडणीत निघतो. तुमच्या मांडणीत वायरिंग कसं केलंत, काय टिकलं, कशाने छळलं, ते लिहा. साधी डीसी असो वा डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत), स्केल कोणतंही चालेल.

सुरुवात मी करते. जॉइनरचं (रुळाचे दोन तुकडे जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्टीचं) काम रूळ एका रेषेत धरण्याचं, विजेसाठी त्याच्यावर विसंबू नये. नवा असताना तो दोन्ही कामं करतो. मग सैलावतो, आत ऑक्साइड चढतं, खडी चिकटवताना पातळ केलेला गोंद झिरपतो. रूळ रंगवले तर रंगही शिरतो. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला मी खालून स्वतंत्र फीडर, म्हणजे वीज आणणारी छोटी वायर, देते. प्लायखाली १.५ चौ. मिमीच्या दोन मुख्य वायरी, लाल आणि काळी, मांडणीभर फिरतात, त्यांना ०.५ चौ. मिमीचे वीतभर फीडर. रूळ ज्या मिश्रधातूचे असतात त्या निकेल सिल्व्हरची वाहकता तांब्याच्या सहा टक्क्यांच्या आसपास, तेव्हा लांबचा पल्ला तांब्यानेच गाठलेला बरा.

*

मग सगळे जॉइनर सोल्डर करून का टाकू नयेत? कारण दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं, आणि रूळ उन्हाने वाढतात. जागाच ठेवली नाही तर रूळ वाकून बाहेर येतात. मी फक्त वळणावरचे जोड सोल्डर करतो, तेही फ्लेक्स ट्रॅक (हवा तसा वाकवता येणारा रूळ) सरळ असताना, मग वाकवतो. सरळ भागात बारीक फट आणि दोन्ही बाजूंना फीडर.

*

सोल्डरिंगबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. नवशिके घाबरतात ते प्लास्टिकचे स्लीपर वितळतील म्हणून, आणि त्या भीतीने कमी ताकदीचं आयर्न घेतात. नेमकं उलटं होतं. थंड आयर्न जास्त वेळ टेकवावं लागतं, तोवर उष्णता रुळातून पसरून स्लीपर मऊ पडतात. गरम आयर्न, रुंद टोक, दोन-तीन सेकंद, झालं. त्याआधी रुळाची बाहेरची बाजू घासून लखलखीत करायची, रुळावर आणि वायरीवर वेगवेगळं सोल्डर चढवून घ्यायचं, मग दोन्ही टेकवून फक्त वितळवायचं. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता तिथेच अडते. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) राळेचाच, ॲसिडवाला पुढे जोड खातो. आतल्या बाजूला सोल्डरचा थेंब राहिला तर चाकाची कड त्यावर चढते.

*

सगळ्यांनाच एवढा खटाटोप हवा असं नाही. टेबलावर मांडून पुन्हा डब्यात भरायचा छोटा लंबगोल असेल तर समोरासमोर दोन ठिकाणी फीडर पुरेत. जॉइनर पक्कडीने हलके दाबून घट्ट करा आणि खेळा.

*

मल्टिमीटरवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: भार नसताना खराब जोडावरही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण प्रवाहच जवळजवळ नसतो. मी १२ व्होल्टचा ५ वॉटचा दिवा रुळांना लावून मोजतो. कंट्रोलरपाशी आणि लांबच्या टोकाला आकड्यांत मोठा फरक पडला, की मधला एखादा जोड कच्चा.

डीसीसीवाले नाणं वापरतात. दोन्ही रुळांवर आडवं ठेवलं की बूस्टरने, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या यंत्राने, तत्काळ वीज तोडली पाहिजे. ज्या जागी तोडत नाही तिथे अडथळा जास्त आहे. खरा शॉर्ट झाला तर तिथे काहीतरी वितळेल. प्रत्येक तुकड्यावर करून बघा, नुसतं बूस्टरजवळ केलं तर काही कळत नाही.

*

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण माझ्याकडे गाडी रखडायची ती सांध्यांवरच, म्हणजे एका मार्गातून दुसरा फुटतो तिथे. फीडर सगळीकडे होते तरी. छोटं शंटिंग इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर (सांध्यात दोन रूळ एकमेकांना मिळतात त्या तुकड्यावर) आलं की निम्मी चाकं विजेविना. धातूच्या फ्रॉगचे सांधे घेतले, फ्रॉगपुढच्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जॉइनर लावले, आणि फ्रॉगची वायर सांधा फिरवणाऱ्या मोटरच्याच स्विचमधून नेली; सांधा बदलला की फ्रॉगला कोणत्या रुळाची वीज मिळते तेही बदलतं. दुसरं दुखणं सांध्यात गाडी वळवणाऱ्या सरकत्या पात्यांचं. ती शेजारच्या रुळाला टेकून वीज घेतात, धूळ बसली की संपलं. प्रत्येक पातं त्याच्या शेजारच्या स्थिर रुळाला बारीक लवचीक वायरीने जोडलं. मात्र त्याआधी पाती फ्रॉगपासून विलग आहेत ना, ते मीटरने तपासा. काही सांध्यांत कारखान्यातूनच ती एकमेकांना जोडलेली येतात, मग हीच वायर शॉर्ट करते.