कॅल्क्युलसच्या वर्गात कोणी बसायचं, हे आमदारांनी ठरवायचं का?

नीलांबरी

मी बे एरियातल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत गणित शिकवते, दोन्हीकडे अर्धवेळ. सोमवार-बुधवार एकीकडे, मंगळवार-गुरुवार दुसरीकडे, मधे ८८० हायवे. आम्हाला इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. डिकीत दोन कॉलेजांच्या दोन पिशव्या, आणि एका कॉलेजचे पेपर दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये बसून तपासायचे. यंदा त्यातल्या एका कॉलेजच्या अकॅडमिक सिनेटवर गेले आहे, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात भुणभुणतोय.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडक्यात. ही सिनेट म्हणजे विद्यापीठाची अधिसभा नव्हे आणि सॅक्रामेंटोचं, म्हणजे राज्याच्या राजधानीतलं, विधिमंडळही नव्हे; ती कॉलेजच्या शिक्षकांची सभा. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, दोन वर्षांची सरकारी; तिथून बरीच मुलं पुढे विद्यापीठात जातात. १९८८ च्या एबी १७२५ (एबी म्हणजे असेंब्ली बिल, पुढे विधेयकाचा नंबर) कायद्याने त्यांचा कारभार शाळांच्या साच्यातून बाहेर काढला आणि शिक्षकांच्या सिनेटला अधिकार दिले. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, गुणांकन वगैरे दहा विषय, शिवाय दोन्ही बाजूंना मान्य होईल तो अकरावा. सगळे त्याला ‘टेन प्लस वन’ म्हणतात. या विषयांत कॉलेजच्या बोर्डाने एकतर प्रामुख्याने सिनेटच्या सल्ल्यावर विसंबायचं, नाहीतर दोघांच्या संमतीने निर्णय घ्यायचा. पगार आणि कामाचे तास हा युनियनचा प्रांत. राज्यभरच्या सिनेटांची मिळून एक राज्य सिनेट आहे, ती वर्षातून दोनदा भरते.

कागदावर झकास. पण २०१७ साली एबी ७०५ आला. प्रवेशाच्या वेळची गणित-इंग्रजीची चाचणी गेली, शाळेतले मार्क बघून मुलांना शक्यतो थेट विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या कोर्सला बसवायचं ठरलं. २०२२ च्या एबी १७०५ ने तो फास आणखी आवळला. आणि २०२५ च्या फॉल-सत्रापासून (ऑगस्ट-सप्टेंबरपासून) इंजिनिअरिंग-विज्ञानाकडे जाणाऱ्या बहुतेक मुलांना पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस. ओरड झाल्यावर थोडी सवलत मिळाली, पण रोख तोच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. शाळा सोडून चार वर्षं झालेली, रात्री गोदामात काम करायचा. दुसऱ्या आठवड्यात व्याख्येवरून डेरिव्हेटिव्ह काढताना त्याने (क्ष + ह) चा वर्ग ‘क्ष वर्ग अधिक ह वर्ग’ असा लिहिला. मधलं पद गायब. मी चौकोन काढून दाखवला, चार तुकडे केले, त्याला लख्ख कळलं. पण पुढच्या ओळीत अपूर्णांक आला आणि तो परत अडला. मुलगा मठ्ठ नव्हता. त्याला प्रीकॅल्कचं, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीच्या गणिताचं, एक सत्र हवं होतं. सातव्या आठवड्यात नाव काढून घेतलं, गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ (कोर्स अर्धवट सोडल्याचा शेरा) चिकटला.

कोणाला कुठे बसवायचं हे समोर उभा असलेला माणूस ठरवणार की सॅक्रामेंटो? मग टेन प्लस वन कशाला, भिंतीवर लावायला?

अण्णा_फ्रीमाँट

नीलांबरीताई, लिहिलंय छान. पण एका मुलाची गोष्ट तुम्ही सांगितलीत, तर एक माझीही ऐका.

माझी पुतणी लग्न होऊन इथे आली. साताऱ्याला बी.ए. झालेली. इथल्या एका कॉलेजात नाव घातलं. संगणकावरची चाचणी दिली, चाळीस मिनिटांची, कशासाठी आहे ते कोणी धड सांगितलंही नव्हतं. निकाल: विद्यापीठात चालणाऱ्या गणिताच्या तीन पायऱ्या खाली. बी.ए. झालेल्या मुलीला ऋण संख्यांची बेरीज! दोन सत्रं काढली, फी भरली, खाती पडलं शून्य, कारण ते कोर्स पदवीत धरतच नाहीत. तिसऱ्या सत्राला गेली नाही.

हिशेब करा. प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर टिकले, म्हणजे तसं बरंच म्हणायचं, तरी तीन पायऱ्यांनी उरतात चौतीस. गळक्या पन्हाळीने पाणी वाहून नेण्यातली गत. आणि ही शिडी आमदारांनी नव्हती बांधली. १९८८ ते २०१७, एकोणतीस वर्षं अभ्यासक्रम तुमच्या सिनेटांच्याच हातात होता. तेव्हा कोणाला शिडी मोडावीशी वाटली नाही. आमदाराने मोडली तेव्हा आठवले अधिकार.

नीलांबरी

अण्णा, चाचणीबद्दल एक शब्द बोलणार नाही. ती भिकारच होती. आणि शिडीबद्दलचा टोमणा लागला, कारण खरा आहे.

पण दोन गोष्टी एका पोत्यात भरू नका. तुमच्या पुतणीला संख्याशास्त्राला थेट बसवलं असतं, सोबत मदतीचे दोन तास दिले असते, तर बहुधा निभावलं असतं. मी तो वर्ग शिकवते, चालतो. संख्याशास्त्राला बीजगणित लागतं ते चटणीपुरतं. कॅल्क्युलसमध्ये ती भाकरीच आहे. एबी ७०५ मध्ये बरंच शहाणपण होतं. एबी १७०५ ने तेच औषध दुसऱ्या रोगाला दिलं. हा फरक वर्गात उभं राहणाऱ्याला दिसतो, म्हणून तर अधिकार वर्गाजवळ हवा.

ध्रुव_९५११२

मी विद्यार्थी होतो, तीन वर्षांपूर्वी विद्यापीठात ट्रान्सफर झालो, म्हणून तिसरी बाजू.

कामाच्या वेळा बदलल्या म्हणून मी दोन कॉलेजांत शिकलो. एकीकडे भाषणकलेचा कोर्स केला, दुसरीकडे गेलो तर त्याला वेगळं नाव, वेगळा नंबर. समुपदेशक बाई म्हणाल्या, जुन्या कोर्सचा सिलॅबस आण. जुन्या कॉलेजने मेलला उत्तर दिलं तीन आठवड्यांनी. मधल्या काळात मी तोच कोर्स परत घ्यायचा फॉर्म भरून ठेवला होता! सान होजे ते क्युपरटिनो किती लांब आहे हो? बसने तासभर.

आता एबी ११११ मुळे सगळीकडे एकच नंबर येतोय. २०२५ च्या फॉल-सत्रात पहिले सहा कोर्स आले, इंग्रजी सी १००० वगैरे. किती साधी गोष्ट! हे ठरवायला कायदा का लागला? सगळी माणसं शिक्षकच होती ना?

आणखी एक. एबी ९२८ ने सांगितलं की यूसी आणि सीएसयू या राज्याच्या दोन्ही विद्यापीठ-समूहांत चालणारी सामान्य शिक्षणाची एकच यादी करा. यूसी, सीएसयू आणि कम्युनिटी कॉलेजं अशा तिन्ही व्यवस्थांच्या शिक्षक-सिनेटांनी ३१ मे २०२३ पर्यंत ठरवायचं, नाही जमलं तर प्रशासन ठरवेल. आणि गंमत म्हणजे जमलं! तीच ‘कॅल-जेटसी’, ३४ युनिटची. म्हणजे मानेवर सुरी असली की एकमत होतं.

खडूस_मास्तर

ध्रुवबाळ, सुरी मानेवर ठेवून झालेल्या गोष्टीला एकमत म्हणत नाहीत. त्या ३४ युनिटांत बसवताना सीएसयूचा ‘आजन्म शिक्षण’ हा अख्खा विभाग यादीतून गेला. आरोग्य, पैशाचं नियोजन, असलं त्यात मुलं शिकत. ते कोर्स बंद झाले नाहीत, पण यादीत नसलेला कोर्स मुलं कशाला घेतील?

आणि सगळे जण एक गोष्ट सोडून बोलताय. २०१८ पासून कॉलेजांच्या पैशाचं सूत्र बदललं. बहुतेक रक्कम अजूनही पटावर मिळते, पण सुमारे दहा टक्के निकालांवर: किती पदव्या, किती ट्रान्सफर, किती मुलांनी पहिल्या वर्षात गणित-इंग्रजी पार केलं. मी तीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. ‘पास करा’ असं मला कोणी कधी म्हणालं नाही. फक्त दर सत्राला विभागाच्या बैठकीत प्रत्येकाच्या वर्गाच्या निकालाचा तक्ता पडद्यावर यायला लागला, माझा स्तंभ आखूड. बोलायची गरजच काय?

अण्णा_फ्रीमाँट

मास्तर, स्तंभ आखूड का आहे असा प्रश्न पडला तर वाईट काय? आमच्याकडे कंपनीत दर तिमाहीला पडतो.

आणि वरचे लोक खडू न धरलेले आहेत असंही नाही. राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांच्या प्रमुख म्हणून २०२३ मध्ये आलेल्या चान्सलर सोन्या क्रिश्चन केरळच्या, १९९१ मध्ये बेकर्सफील्ड कॉलेजात गणित शिकवायलाच लागल्या होत्या. त्यांना मधलं पद गायब झालेलं दिसत नसेल असं मला नाही वाटत. एबी ७०५ नंतर वर्गातलं पास होण्याचं प्रमाण घसरलं, हे खरंय. पण एका वर्षात विद्यापीठाचं गणित पार करणाऱ्यांची एकूण संख्या वाढली. मास्तरांना पहिला आकडा दिसतो, कारण तो वर्गात दिसतो. दुसऱ्यातली मुलं पूर्वी वर्गापर्यंत पोचायचीच नाहीत, मग दिसणार कशी?

तासिका

नांदेडकडून लिहितेय. सात वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, मानधन येतं तेव्हा येतं.

तुमचं भांडण वाचून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे नवीन शैक्षणिक धोरणाचा शासन निर्णय आला, त्यात क्रेडिटचे रकाने आखूनच आले: व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली). अभ्यास मंडळाने रकाने भरले. मी शिकवायच्या पेपरचा अभ्यासक्रम मला वर्ग सुरू झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला, पीडीएफ, तीही आडवी स्कॅन केलेली. मत विचारणं राहू द्या.

पण नीलांबरीताई, एक विचारते, राग मानू नका. तुम्ही ‘शिक्षकांचा अधिकार’ म्हणता तेव्हा तुमच्या सिनेटमध्ये तुमच्यासारखे अर्धवेळ किती? आणि बैठकीला बसल्याचे पैसे मिळतात का?

नीलांबरी

राग कसला. नेमकं दुखरं ठिकाण दाबलंत.

आमच्या कॉलेजात अर्धवेळ शिक्षक निम्म्याहून कितीतरी जास्त. सिनेटमध्ये आम्हाला खुर्च्या दोन. बैठकीचे पैसे नाहीत. बैठक असते दुपारी तीनला, आणि त्या वारी चार वाजता मी दुसऱ्या गावात शिकवत असते, म्हणून अर्ध्यातून उठते. मतदान नेहमी शेवटी होतं.

त्याच १९८८ च्या कायद्यात ७५ टक्के अध्यापन पूर्णवेळ शिक्षकांनी करावं असं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. राज्यभराचा विचार केला तर ते अजून उद्दिष्टच. एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका बोर्डाखालच्या कॉलेजांत, अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण कामाच्या ६७ टक्क्यांवर काम देता येत नाही, म्हणून आम्ही दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये पळतो. २०२२ मध्ये ती मर्यादा ८५ करणारं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, गव्हर्नर न्यूसम यांनी खर्चाचं कारण देऊन नाकारलं. म्हणजे कॅल्क्युलसला कोण बसणार यावर कायदा होतो, पण तो शिकवणाऱ्याने किती हायवे पालथे घालायचे यावर होत नाही.

अण्णा_फ्रीमाँट

म्हणजे ज्याला ‘शिक्षकांचा आवाज’ म्हणताय तो कायम नोकरीवाल्यांचा आवाज आहे. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतंत.

खडूस_मास्तर

अण्णा, हे मात्र मान्य. मी कायम होतो आणि मला हे वीस वर्षं दिसलं नाही. तीनची बैठक मला सोयीची होती.

ध्रुव_९५११२

विद्यार्थ्यांना पण एखादी खुर्ची आहे का? असंच विचारतोय.

नीलांबरी

आहे. विद्यार्थी संघाचा प्रतिनिधी येतो. यंदा दोनदा आला, दोन्ही वेळा पिझ्झ्याच्या रांगेत दिसला.

अण्णा, कायदा रद्द करा असं मी म्हणत नाहीये, आज तर नाहीच. आपल्या हातात आहे ते एवढंच: कॅल्क्युलसच्या आधी छोटा तयारीचा वर्ग कसा असावा, आणि तो आम्ही अर्धवेळवाल्यांनी मिळून लिहावा. गुरुवारी हा विषय आमच्या सिनेटपुढे आहे. शिवाय बैठक दुपारी एकला घ्यावी असा दुसरा ठराव मी टाकलाय. खरं सांगायचं तर त्यावरच जास्त भांडण होईल.

राज्य सिनेटच्या सभेत बाजूने बोलणाऱ्याला एक माईक असतो आणि विरोधात बोलणाऱ्याला दुसरा. आमच्याकडे एकच आहे, तोही खरखरतो. तुमच्या पुतणीची हरकत नसेल तर तिची गोष्ट मी सांगेन, नाव न घेता. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या गोष्टीच्या आधी.

अण्णा_फ्रीमाँट

विचारतो. ती आता हेवर्डला एका बेकरीचे हिशेब बघते, शनिवारी रात्री फोन करते. पण गुरुवार तर त्याआधीच येतो, तेव्हा आजच मेसेज टाकतो.

तासिका

एकच्या ठरावाचं काय झालं ते नक्की कळवा.