गणपतीच्या शाळेत पोरांना आधी काय शिकवायचं? आणि मानेला तडे का जातात?

वाडीतली_शाळा (कुडाळ)
आमच्या शाळेत, म्हणजे गणपती घडवायच्या कारखान्यात, साठेक पाट (मूर्ती बसवायला घराघरातून येणाऱ्या लाकडी फळ्या) येतात. डोळ्यांची आखणी करणारे काका एकच, तेही सत्तरीच्या पुढचे. यंदा आठवी-नववीतली पाच पोरं संध्याकाळी दोन तास यायला तयार आहेत. त्यांना कोणत्या क्रमाने काम द्यावं? दुसरं म्हणजे शाडूच्या दीड फुटी मूर्तींना मानेपाशी आणि खांद्यापाशी तडे जातात. पंखे लावूनसुद्धा जातात. मातीत थोडं प्लास्टर मिसळलं तर चालेल का?

मळणीवाला
दादा, तडे पंख्यांमुळेच जातात. वारा लागलेली बाजू आधी सुकून आक्रसते, आतली माती ओलीच असते, मग ताण बसतो तो जाड-बारीक जिथे जुळतं तिथे. म्हणजे मान, खांदा, सोंडेचं मूळ. पहिले तीन-चार दिवस मूर्तीवर पातळ ओलसर कापड टाका, वारा भिंतीवर आपटून फिरू द्या आणि पाट रोज थोडा वळवा. पोटाची माती अर्धा-पाऊण इंच, बैठकीला इंचभर. भरीव मूर्ती पावसाळ्यात आतून सुकतच नाही.

शाडू चाळून रात्रभर भिजवा, पिंजलेला कापूस घालून मळा आणि दोन दिवस ओल्या गोणपाटात ठेवा. गावातली चिकणमाती मिसळत असाल तर आधी तिची पट्टी करून बघा: ओल्या पट्टीवर १० सेंटीमीटरवर दोन खुणा करायच्या आणि पूर्ण सुकल्यावर अंतर मोजायचं. ९ भरलं तर ती माती फार आक्रसते, शाडूचं प्रमाण वाढवा.

प्लास्टरचं नाव काढू नका. ते पाण्यात विरघळत नाही आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांत त्याला मनाई केली होती.

करवंटी
पोरांच्या क्रमाबद्दल. पहिला आठवडा फक्त मळणी. कंटाळतील, पण हाताला माती कळल्याशिवाय पुढचं सगळं फुकट. मग उंदीर. उंदराला सगळे हसतात, पण त्यात गोळा, निमुळतं टोक, चिकटवलेला कान आणि शेपटी, सगळं येतं. दहा उंदीर एकसारखे झाले की मोदक आणि बोटं. त्यानंतर साचा: आतून शंखजिरं (मऊ दगडाची पांढरी पूड) भुरभुरवायचं, माती मधून कडेकडे दाबत न्यायची, दोन्ही कडांना काडीने ओरखडे काढून पातळ शाडू लावायचा आणि मगच जोडायचं. ओरखडे न काढता जोडलेली शिवण सुकल्यावर उकलते.

सोंड आणि हात लावताना धडाची ओलही तेवढीच हवी. सुकत आलेल्या धडाला ओली सोंड लावली की चार दिवसांनी ती हातात येते.

आता आखणी. ती शेवटी शिकवायची हा आपल्याकडचा रिवाज, आणि माझ्या मते शाळा बंद पडतात त्या याच्यामुळेच. शेवटच्या आठ दिवसांत काकांना मान वर करायला वेळ नसतो, तेव्हा ते शिकवणार कधी? मृगातच सुरू करा, नारळाच्या करवंटीवर. करवंटी घासून, पांढरा हात देऊन तिच्यावर डोळे काढायचे. कागदावर बसलेला हात गालाच्या गोलाईवर फसतो, करवंटीवर बसलेला फसत नाही. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाऊ नये: आधी दोन्ही वरच्या पापण्या, मग दोन्ही बुबुळं, शेवटी पांढरे ठिपके. करंगळी गालावर टेकवायची. आणि मूर्ती आपल्या नजरेच्या उंचीवर हवी. खाली ठेवून वरून आखली तर समोर बसणाऱ्याला नजर तिरकी दिसते.

वाडीतली_शाळा (कुडाळ)
लई उपकार. वरच्या हातांत आम्ही बांबूची काडी घालतो, ती चालेल ना?

मळणीवाला
काडी आक्रसत नाही, माती आक्रसते. खांद्याच्या तड्याचं अर्धं कारण तिथेच आहे. काडीला काथ्या गुंडाळा, मातीला सरकायला जागा मिळते. गेलेला तडा भरताना आधी तो ब्रशने ओला करा, मग कागदाचा लगदा घातलेला शाडू दोन थरांत भरा. कोरड्या तड्यात ओली माती नुसती चेपली तर परत फट पडते.

पाटपूजा
रंगाची घाई हीपण एक खोड. हाताची पालथी बाजू मूर्तीच्या पाठीला लावा. गार लागली तर आत ओल आहे. त्यावर पांढरा हात दिला की पापुद्रे सुटतात, बुरशीही येते. नागपंचमीनंतर नवा पाट घेऊ नका, चतुर्थीला जेमतेम महिना उरतो.

पेण-हमरापूरहून कच्च्या मूर्ती आणून नुसत्या रंगवणाऱ्या शाळा वाढल्यात. अडचण समजते, पण तिथली पोरं फक्त रंगारी होतात. साच्याला माझा विरोध नाही, साठ पाट हाताने कोण घडवणार? पण प्रत्येक पोराने वर्षाला एक वीतभर मूर्ती साच्याशिवाय करावी. बिघडली तर मोडून परत भिजवायची. शाडू वाया जात नाही.