शब्दचर्चा : राजीनामा ‘दिला’ की ‘घेतला’?

जुनी वही :
आजोळच्या जमिनीचे जुने कागद लावत बसले होते. एका फेरफार नोंदीत अमक्याने राजीनामा दिला, तमक्याने कबुलायत दिली, असं आहे. हे अमके म्हणजे माझ्या आईचे पणजोबा. आयुष्यभर शेती केली, पद कुठलंच नाही. मग राजीनामा कसला? मंत्री देतात तो हाच शब्द का?

वकीलबाई :
हाच. राजी आणि नामा, दोन्ही फारसीमार्गे आलेले. राजी असल्याचा कागद, म्हणजे संमतिपत्र. कोर्टात वादी-प्रतिवादींनी आपसांत मिटवलं की तडजोडीचा कागद दाखल व्हायचा, तो राजीनामा. हिंदीत अजून तोच अर्थ चालतो, पद सोडायला तिथे इस्तीफा. आपल्याकडच्या महसुली व्यवहारात खातेदार जमीन सोडायला राजी आहे असं लिहून द्यायचा तो राजीनामा, आणि नवा माणूस सारा भरायला कबूल व्हायचा ती कबुलायत. जमीन सोडण्यावरून शब्द खुर्ची सोडण्यावर आला असावा, हा माझा तर्क. गुजराती, कन्नड, तेलुगूतही पद सोडणं म्हणजे राजीनामाच.

डेस्कवरचा :
वकीलबाईंचं वाचून एक जुनी रात्र आठवली. डिसेंबर २००८. मुंबईवरचा हल्ला होऊन आठवडाही झाला नव्हता. मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात, या अर्थाचं हिंदी वाक्य आर. आर. पाटलांच्या तोंडून गेलं होतं आणि गृहखातं सुटलं होतं. मी मथळ्यात ‘राजीनामा दिला’ लिहिलं. वृत्तसंपादकांनी ‘दिला’ खोडून ‘घेतला’ केलं, रात्रपाळीच्या प्रमुखांनी पुन्हा ‘दिला’. शेवटी पान सोडताना नुसतं ‘आबांचा राजीनामा’ राहिलं, क्रियापदच उडालं. (वर्षभरात निवडणूक झाली आणि आबा पुन्हा गृहमंत्री झाले, तो मथळा सोपा होता.)

या शब्दाभोवती क्रियापदं किती आहेत बघा. देतात, घेतात, मागतात, तोंडावर फेकतात, मागे घेतात. २०१४ नंतरच्या युती सरकारात शिवसेनेचे मंत्री तर खिशात घेऊन फिरत होते. मला विचाराल तर ‘राजीनामा घेतला’ हा वदतोव्याघात आहे. राजी करून घेतलं म्हणा, नाहीतर काढलं म्हणा.

अवग्रह :
काढण्यासाठी मराठी कधी अडलीय का! डच्चू, नारळ, उचलबांगडी. शेवटच्यात तर हातपाय धरून उचलून नेलेला माणूस दिसतो. ‘पायउतार’ त्या मानाने घरंदाज, घोड्यावरून किंवा पालखीतून उतरून पायी चालू लागलेला. माझा लाडका मात्र ‘गच्छंती’. संस्कृतात गच्छन्ति म्हणजे ‘ते जातात’, बहुवचनी क्रियापद. आपण त्याचं नाम केलं, स्त्रीलिंगी केलं आणि एकट्यादुकट्या मंत्र्याला लावलं. आदरार्थी बहुवचन समजायचं.

जुनी वही :
मग ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा’ हे कुठून आलं? आणि जबाबदार आणि उत्तरदायी एकच ना?

वकीलबाई :
दुसरं आधी. जमीनदाराकडे जमीन, तसं जबाबदाराकडे जबाब. ‘दार’ म्हणजे बाळगणारा. उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. फोड करून पाहिलं तर जबाबदार माणूस उत्तर बाळगून गप्प बसू शकतो, उत्तरदायी माणसाला ते द्यावंच लागतं. हिंदीवाल्यांनी जवाबदेही करून ‘देणं’ आत घातलं. आपल्याकडे मंत्रिमंडळ लोकसभेला किंवा विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं असंच म्हणतात, पण अभिप्रेत आहे ते उत्तर देणं.

आता ‘नैतिक’. हे विशेषण जिथे शोभलं ते उदाहरण १९५६ चं. महबूबनगरच्या रेल्वे अपघातानंतर शास्त्रीजींनी राजीनामा देऊ केला, नेहरूंनी घेतला नाही. नोव्हेंबरात अरियलूरला गाडी पुराच्या पाण्यात गेली, शंभरावर माणसं मेली. या वेळी राजीनामा स्वीकारला गेला. नेहरूंचं म्हणणं असं होतं की शास्त्री अपघाताला जबाबदार आहेत म्हणून मी हा घेत नाही, घटनात्मक औचित्याचा पायंडा पडावा म्हणून घेतो. दोष नव्हता, तरी भार उचलला. तिथे ‘नैतिक’ म्हणा खुशाल.

दोन वर्षांनी, १९५८ साली मुंदडा प्रकरण. आयुर्विमा महामंडळाचे सुमारे सव्वा कोटी रुपये मुंदडांच्या कंपन्यांच्या शेअरांत गेले होते. लोकसभेत ते उकरून काढलं फिरोज गांधींनी, बाके सत्ताधारी आणि सासरे पंतप्रधान. चौकशी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड्यावर, लोकांसमोर केली. अर्थमंत्री कृष्णम्माचारी म्हणत होते की निर्णय सचिवांचा. छागलांनी ते मानलं नाही, सचिवाच्या कृतीला मंत्री बांधील, असा निष्कर्ष काढला. मंत्री गेले. ही नैतिक नव्हे, सरळ घटनात्मक जबाबदारी.

आज मात्र ‘नैतिक’ दुसऱ्याच प्रकारासाठी वापरतात, आणि मला त्याचाच राग आहे. आरोप थेट स्वतःवर असतात, आणि निवेदनात ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून’ येतं. म्हणजे, खरी माझी नाही बरं का, फक्त नैतिक.

डेस्कवरचा :
शंभर टक्के. आमच्याकडे ते शब्द अवतरण चिन्हांत टाकायचा दंडक होता. आणि ताशेरे कोर्ट ओढतं, ठपका चौकशी समिती ठेवते, हाही. १९८६ मध्ये मुलीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांवरून मुख्यमंत्री निलंगेकरांवर आले ते उच्च न्यायालयाचे ताशेरे, आणि गेले ते त्यांमुळे. तिथे ‘ठपका’ लिहिणाऱ्याला चहा पाजावा लागे.

वकीलबाई :
एक राहिलं. आमदाराचा राजीनामा आला की तो स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे ना, हे अध्यक्षांनी पाहायचं असतं. गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाच्या काळात आमदारांवर दबाव आणून राजीनामे घेतले गेले, त्यानंतर १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीने ही अट आली. म्हणजे आमदार ‘राजी’ आहे का, हे तपासतात. मंत्र्याला तसं कोणी विचारत नाही, तो पदावर असतो तोच मर्जीवर.

जुनी वही :
सगळ्यांचे आभार. काल मामाला फोन करून नोंद वाचून दाखवली. राजीनामा देणाऱ्याच्या नावापुढे अंगठा आहे. कबुलायत देणाऱ्याचं आडनाव वाचलं तर मामा हसला. म्हणाला, अगं, तो आपल्या गावचा सावकार.